फाटे मोजायचे की ओळी?

परवा ऑफिसमधल्या एका नवीन पोरानं विचारलं, "दादा, ही मेथड ५३ ओळींची झालीय, बिल्डला वॉर्निंग येतेय, मधल्या तीन रिकाम्या ओळी काढू का?" (मेथड म्हणजे प्रोग्राममधला एका कामाचा, नाव दिलेला तुकडा, बिल्ड म्हणजे कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणं, आणि आमची मर्यादा मेथडला ५० ओळी.) गंमत म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर होतं. चेकस्टाइल, म्हणजे जावा भाषेतला कोड नियमात बसतो का ते तपासणारं टूल, मेथडची लांबी मोजताना रिकाम्या ओळी आणि कमेंटसुद्धा धरतं, तुम्ही सेटिंग बदललं नाही तर. तीन रिकाम्या ओळी काढल्या की ५०, वॉर्निंग गायब, सगळे खूश. मी त्याला म्हटलं काढू नको, थांब, आधी चहाला चल. चहावर जे बडबडलो ते इथं लिहून ठेवतोय, कारण हाच प्रश्न चारेक वर्षांपूर्वी माझ्यापुढं आला होता आणि तेव्हा मी रिकाम्या ओळींच्या फार पुढं जाऊन माती खाल्ली होती.

तर झालं असं की तेव्हा मी सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत होतो, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. ठेवी, पिग्मी, सोनेतारण, पगारतारण, सगळं. जावामधे. त्यात व्याज काढायची एक मेथड होती, ७१२ ओळींची. ती लिहिली होती आमच्या एका सीनियरनी, त्यांना सगळे काकाच म्हणायचे, आणि ती एकदम ७१२ ओळींची जन्मली नव्हती हो, दहा-बारा वर्षं वाढत गेली होती. प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा. कुणाकडं हप्त्याला सात दिवसांची सूट, कुणाकडं पंधरा. कुणी आलेल्या पैशातनं आधी दंडव्याज वळतं करून घेणार, मग व्याज, मग मुद्दल, कुणी दंडव्याज शेवटी. एका संस्थेनं २०१९ च्या पुरानंतर ठराव करून तीन महिन्यांचं दंडव्याज सोडलेलं, म्हणून एक इफ ('असं असेल तर' ही अट), त्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१९ च्या तारखा थेट कोडमधे कोंबलेल्या. असे थरावर थर. बघायला भयाण, पण चालायची बरोबर, एक पैसा चुकायचा नाही.

मग एका मोठ्या क्लायंटनं कोडचं ऑडिट मागितलं आणि आमच्याकडं टूलं आली. बिल्डला चेकस्टाइल जोडलं, सोनारक्यूब (कोडचा दर्जा मोजून पडद्यावर दाखवणारं टूल) बसवलं, लीडनं बसून मर्यादा ठरवल्या: मेथड ५० ओळी, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी (कोडमधले फाटे मोजणारा आकडा, नीट पुढं सांगतो) १०, पॅरामीटर (मेथडला बाहेरून दिलेल्या किमती) ७. पहिल्याच रनला पडदा असा लाल झाला की बास. काकांच्या मेथडचा आकडा आला ९४. आणि ते काम आलं माझ्याकडं, दोन आठवडे मुदत, काय वाट्टेल ते कर पण हिरवं कर.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते, पण सांगतो. मी ती मेथड कलिंगड कापतात तशी कापली. सोळा फोडी. व्याज काढा भाग एक, भाग दोन, असं करत भाग सोळापर्यंत, नावंसुद्धा हीच. जिथं कंसात कंस जास्त होते तिथला आतला तुकडा उचलून बाहेर ठेवला, कुठलीही फोड ५० ओळींच्या वर नाही, कुठल्याही फोडीचा आकडा दहाच्या वर नाही. अडचण एकच आली की मूळ मेथडमधे अकरा लोकल व्हेरिएबल (त्या मेथडपुरत्या किमती ठेवायच्या जागा) होती आणि ती जवळपास सगळ्या फोडींना लागत होती, अकरा पॅरामीटर पाठवले तर ती सातची मर्यादा मोडते, मग मी ती अकराच्या अकरा व्हेरिएबल उचलून क्लासमधे (या सगळ्या मेथड ज्यात राहतात त्या खोक्यात) वर टाकली, फील्ड म्हणून, म्हंजे सगळ्या फोडींना सामाईक. ज्यांना जावा आणि स्प्रिंग येतं त्यांनी इथं कपाळावर हात मारला असेल. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी: स्प्रिंग या जावाच्या तयार सांगाड्यात अशा सर्विस क्लासचा एरवी एकच ऑब्जेक्ट, म्हंजे एकच प्रत, असतो आणि सगळे थ्रेड (एकाच वेळी शेजारी-शेजारी चालणारी कामं) तोच वापरतात. म्हंजे मी प्रत्येकाची स्वतःची वही काढून घेतली आणि मधे एकच फळा ठेवला, सगळ्यांनी यावर लिहा म्हणून.

बिल्ड हिरवं झालं. लीडनं ग्रुपवर अंगठा टाकला. टेस्ट सर्वरवर सगळं बरोबर चालत होतं, कारण तिथं मंथ-एंड (महिनाअखेरचा हिशोब) एकाच थ्रेडवर चालायचं.

मार्चअखेरीला एका संस्थेच्या मॅनेजर साहेबांचा फोन आला. त्यांच्या एका सभासदाला दंडव्याज लागलंय, आणि तो माणूस म्हणतोय मी आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही. बघितलं तर खरंच होतं, ते दंडव्याज दुसऱ्याच एका थकीत खात्याचं होतं, दोन थ्रेड एकाच वेळी फळ्यावर लिहायला आले आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर गेला. हजारो खात्यांत अशी तीन सापडली. तीनच. तीस सापडली असती तर बरं झालं असतं, तीन शोधायला आम्ही तीन रात्री जागलो. आणि सोनारच्या पडद्यावर हा क्लास त्या अख्ख्या प्रोजेक्टमधे सगळ्यात गुणी बाळ.

काका तेव्हा जवळजवळ रिटायर व्हायच्या बेतात होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझा नवा कोड प्रिंट काढून घेतला (हो, प्रिंट, काका कोड कागदावरच वाचायचे) आणि लाल पेनानं एकेका इफवर टिंब देत गेले. शेवटी म्हणाले, "आधी त्र्याण्णव फाटे होते रे, आताही त्र्याण्णवच आहेत. तू कमी काय केलंस?"

इथं मी पहिल्यांदा तो आकडा नीट समजून घेतला. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणजे काय, तर कोडमधे जिथं जिथं वाट फुटते ते फाटे मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. इफ एक फाटा, फॉर एक, व्हाइल एक (ही दोन्ही तेच काम पुन्हा पुन्हा करायला), स्विचची (अनेक पर्यायांतून एक निवडायला) प्रत्येक केस एक, कॅच (चूक आली तर काय करायचं ते) एक, आणि अटीत अँड-ऑर असेल तर बहुतेक टूलं तेही धरतात. ९३ अधिक १, झाले ९४. आता मेथडच्या सोळा फोडी केल्या तर फाटे तेवढेच राहतात पण तो अधिक एक प्रत्येक फोडीला लागतो, म्हंजे बेरीज झाली १०९. क्लासची एकूण गुंतागुंत टूलच्याच हिशोबानं वाढली होती, फक्त कुठल्याच एका ठिकाणी ती दहाच्या वर डोकं काढत नव्हती, आणि आम्ही फक्त वर आलेली डोकी बघत होतो.

मग मी मूळ पेपर शोधून वाचला. थॉमस मॅककेब, डिसेंबर १९७६, आयट्रिपलई या इंजिनियरांच्या संस्थेच्या जर्नलमधे. तो अमेरिकेच्या संरक्षण खात्यात काम करायचा आणि त्याच्यापुढं फोरट्रान या जुन्या भाषेतले प्रोग्राम होते. तो कोडचा नकाशा काढतो, ठिपके आणि रेषा, आणि रेषा वजा ठिपके अधिक दोन केलं की आकडा येतो, फाटे अधिक एक हा त्याचाच सोपा हिशोब. पेपर फार मोठा नाही आणि वाचायलाही अवघड नाही, ज्यांच्या बिल्डमधे हा आकडा आहे त्यांनी एकदा वाचाच. मला धक्का बसला तो सुरुवातीच्याच भागात. तो म्हणतो की मोड्यूल (प्रोग्रामचा एक भाग) आटोक्यात ठेवायला लोक ओळींची मर्यादा घालतात, पन्नास ओळी वगैरे, आणि ते पुरेसं नाही, कारण पन्नास ओळींच्या प्रोग्राममधे एकामागोमाग एक २५ इफ बसू शकतात आणि मग त्यातून जायच्या वाटा होतात दोनाचा पंचविसावा घात. कॅलक्युलेटरवर करून बघा, ३,३५,५४,४३२. तीन कोटी पस्तीस लाख वाटा, पन्नास ओळींत! म्हंजे १९७६ साली ज्या नियमाला अपुरा म्हणून हा आकडा काढला, तोच नियम आम्ही २०२१ मधे त्याच्या शेजारी लावून बसलो होतो आणि दोन्हीला एकच समजत होतो.

आणि दुसरी गोष्ट. १० ही मर्यादा त्यानंच सुचवली, पण सोबत हेही लिहिलं की हा आकडा वाजवी आहे, जादूचा नाही. शिवाय मोठ्या केस स्टेटमेंटला त्यानं सूट दिली होती, एकाखाली एक स्वतंत्र पर्याय असतील तर दहाच्या वर गेलं तरी चालेल म्हणून. ही सूट टूलांपर्यंत येता येता कुठंतरी गळाली. चेकस्टाइलमधे अख्खा स्विच एकच फाटा धरायचं सेटिंग आहे, पण ते आपण होऊन चालू करावं लागतं.

याचं आमच्याकडचं उदाहरण भारी आहे. एका संस्थेला पावतीवर मराठी महिना छापायची हौस होती, चैत्र शुद्ध अमुक वगैरे. त्यासाठी एक मेथड होती, एक ते बारा आकडा घ्यायचा आणि नाव द्यायचं, बारा केसचा स्विच, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, खाली फाल्गुनपर्यंत. (अधिक मासाचं काय, असं विचारू नका, तो वेगळा बग होता.) शाळेतलं पोरगं वाचेल इतका साधा कोड. सायक्लोमॅटिक १३. लाल. आणि त्याच फाइलमधे दुसरी एक मेथड, फॉरच्या आत इफ, त्याच्या आत परत फॉर, त्याच्या आत परत इफ, ती मी दर वेळी वाचताना ओठ हलवत वाचायचो, तिचा आकडा ५. हिरवी.

याच दुखण्यावर सोनारवाल्यांनी कॉग्निटिव कॉम्प्लेक्सिटी काढली. त्यात अख्ख्या स्विचला एकच गुण, आणि आत-आत गेलं की दंड वाढत जातो. म्हंजे वरचा फॉर १, आतला इफ २, त्याच्या आतला फॉर ३, सगळ्यात आतला इफ ४, बेरीज १०. महिन्यांची मेथड १ वर आली. सोनारची डिफॉल्ट मर्यादा १५ आहे. वाचणाऱ्याला होणारा त्रास मोजायला हा आकडा मला जास्त पटतो, पण किती टेस्ट लागतील ते तो सांगत नाही, बारा महिन्यांच्या बारा टेस्ट लागणारच ना. ते मॅककेबच सांगतो. दोन्ही वेगळी कामं आहेत, आणि आमच्या ऑडिटच्या एक्सेलमधे दोन्ही 'कोड क्वालिटी' या एकाच कॉलममधे होते.

टूलांच्या मर्यादांचं तर विचारूच नका. मेथडची लांबी घ्या. रूबी भाषेचं रुबोकॉप डिफॉल्टला १० ओळी म्हणतं, जावास्क्रिप्टच्या ईएसलिंटच्या नियमात ५०, चेकस्टाइल १५०. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या जेरार्ड होल्झमननं २००६ मधे सुरक्षेला महत्त्व असलेल्या सी भाषेतल्या कोडसाठी दहा नियम लिहिले त्यात साधारण ६० ओळी, कारण काय तर एका कागदावर छापून मावलं पाहिजे. काका खूश झाले असते. लिनक्स कर्नलवाले (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणारे) म्हणतात एक-दोन स्क्रीन, तीही जुन्या ८० बाय २४ च्या, म्हंजे ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच. यातलं कुठलंही खोटं नाही, पण यात मोजून सिद्ध झालेलं असं काही नाही, कागद केवढा आणि स्क्रीन केवढा यावर चाललंय. सायक्लोमॅटिकचीही तीच गत, पायथनमधे फ्लेक-एटसोबतचं मॅककेब पॅकेज अँड-ऑर धरत नाही आणि रॅडॉन धरतं, त्यामुळं एकाच फंक्शनला एक टूल पास करतं आणि दुसरं नापास. आमच्याकडं एकानं आकडा कमी करायला टूलच बदलायचा प्रस्ताव मांडला होता. गंभीरपणे!

आता लांबीच्या बाजूनं एक खरं सांगायलाच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. माझ्या त्या सोळा फोडींनंतर मंथ-एंडचा रन चांगलाच फास्ट झाला होता. तेव्हा आम्ही त्याचं श्रेय क्लीन कोडला दिलं, पार्टी पण केली. खरं कारण फार नंतर कळलं. जावाचे प्रोग्राम चालवणारं इंजिन, हॉटस्पॉट व्हीएम, वारंवार चालणाऱ्या मेथडचा मशीन कोड बनवून ठेवतो, पण मेथडचा बाइटकोड (कंपाइलर जावाच्या कोडचं जे मधलं रूप बनवतो ते) ८००० बाइटच्या वर गेला तर तो डिफॉल्टला तिच्या वाटेलाच जात नाही, ती कितीही वेळा चालू दे, बिचारी शेवटपर्यंत इंटरप्रीटरमधेच (दर वेळी नव्यानं वाचून हळू चालवणाऱ्या भागात) रखडते. काकांची मेथड त्या रेषेच्या पलीकडं होती. म्हंजे दहा-बारा वर्षांतल्या कुठल्यातरी एका इफनंतर एका रात्रीत रन हळू झाला असणार आणि सगळ्यांनी सर्वर जुना झाला म्हणून सोडून दिलं असणार. याच्याही वर एक भिंत आहे, मेथडचा बाइटकोड ६५,५३५ बाइटच्या वर गेला की कंपाइलरच 'कोड टू लार्ज' म्हणून हात वर करतो, ज्यांनी अवाढव्य जेएसपी पेजं (जावातली वेबपेजं) बघितलीत त्यांना तो एरर माहितीय. तर लांबीची मर्यादा म्हणजे नुसती सौंदर्यदृष्टी असं मी म्हणणार नाही. पण मशीनची मर्यादा बाइटमधे आहे, आणि ती ५० ओळींच्या कितीतरी पलीकडं आहे.

बग निस्तरल्यावर मी ते काम दुसऱ्यांदा केलं, या वेळी काकांच्या शेजारी बसून. त्यांची पद्धत साधी. म्हणाले, आकडा ९४ आहे ना, मग आधी निदान ९४ केसेस लिहून काढ, कापाकापी नंतर. मॅककेबच्या आकड्याचा अर्थ तोच आहे, एकमेकींपासून स्वतंत्र अशा तेवढ्या वाटा, आणि त्या सगळ्या चालवून बघितल्या तर प्रत्येक फाट्याच्या दोन्ही बाजू एकदातरी तुडवल्या जातात. आम्ही वहीत लिहायला लागलो. सोनेतारण, मुदत संपलेली, सूट सात दिवसांची, पैसे आठव्या दिवशी आले, अशी एकेक. साठ-पासष्ट झाल्यावर लक्षात यायला लागलं की यातल्या कितीतरी केसेस एकाच प्रश्नाच्या आहेत, सूट किती दिवस, दर किती, वळतं करायचा क्रम कुठला, फक्त संस्था वेगळी. तो कोडचा विषयच नव्हता. ते नियम आम्ही डेटाबेसमधे एका टेबलात टाकले, संस्थेला एक ओळ. तेव्हा फाटे खरंच कमी झाले, निम्म्याच्या आसपास. उरलेल्याचे चार तुकडे झाले, दिवस मोजणं, दर ठरवणं, व्याज काढणं, वळतं करणं, प्रत्येकाला काय द्यायचं आणि त्यातून काय परत येतं ते स्पष्ट, फील्ड एकही नाही.

(आधीच या टेस्ट असत्या तर माझा थ्रेडवाला बग सापडला असता का? नाही. एका थ्रेडवर सगळं बरोबरच यायचं. पण तुकडे कुठं पाडायचे ते मला ओळींच्या आकड्यानं सांगितलं नसतं, त्या वहीनं सांगितलं.)

आणि यात एक गोम आहे. ते टेबल टूलला दिसत नाही. टेबलात कुणी सातच्या जागी सत्तर टाकले तर अख्ख्या संस्थेचं दंडव्याज गायब, आणि कॉम्प्लेक्सिटी शून्य. एकदा झालंय. गुंतागुंत गेली नाही, टूलच्या नजरेआड गेली. तरी मी ती तिथं ठेवणंच पसंत करीन, कारण टेबल संस्थेच्या मॅनेजरला वाचता येतं आणि इफ वाचता येत नाही.

हल्ली मी नव्या कंपनीत आहे, मर्यादा ठरवायचं माझ्याच हातात आहे. जुन्या कोडवर बिल्ड अडवत नाही, फक्त नव्या आणि बदललेल्या कोडवर अडवतो, नाहीतर लोक माझ्यासारखी कलिंगडं कापतात. लांबीवर वॉर्निंग आहे, एरर नाही. दर महिन्याला गिट लॉगमधून (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीतून) कुठल्या फाइली सारख्या बदलतात त्यांची यादी काढतो आणि तिच्या शेजारी कॉम्प्लेक्सिटी लावतो, जी फाइल दोन्हीकडं वर असेल तिथंच हात घालायचा. आकडा ८० असलेली पण पाच वर्षांत कुणी न शिवलेली फाइल असेल तर तिला झोपू दे. आणि रिव्ह्यूमधे मॅककेबचा आकडा दिसला की मी एकच प्रश्न विचारतो, टेस्ट किती? यावर लोक फाटे फोडतात, की हा इफ तर कधी लागतच नाही. मग काढून टाक की बाबा.

त्या पोराची ५३ ओळींची मेथड बघितली. आकडा ४, कमेंट छान लिहिलेल्या, रिकाम्या ओळी जिथं पाहिजेत तिथं. तशीच राहू दिली. त्याच्याकडं आलेल्या दुसऱ्या एका जुन्या मेथडचा आकडा ३१ आहे, ओळी ४४, तिच्यावर टूलचा लाल ठिपका होता पण त्याला वाटलं लांबी बसतेय म्हणजे चालतंय. तिच्या टेस्ट लिहायला बसवलंय. काल संध्याकाळपर्यंत २६ झाल्या. उरलेल्या पाच ज्या इफच्या आहेत त्यांचं कारण ऑफिसात कुणालाच सांगता येत नाहीये, ज्यानं लिहिले तो कंपनी सोडून गेलाय. नंबर मिळवलाय, आज फोन करायचाय.